विमान घ्यावे की जुळवावे?

सोलापूरच्या नवी पेठेत कापड, भांडी, मोबाइल आणि लग्नाचा बस्ता यांखेरीज अन्य कशाची चर्चा रंगेल, अशी कोणाची अपेक्षा नसते. गावात विमानाचा विषय निघतो तो तिकिटाच्या संदर्भात. २०२३च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली, ९ जून २०२५ रोजी होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोव्याचे विमान उडाले, आणि त्या निमित्ताने पेठेतल्या प्रत्येक गल्ल्यावर विमान उतरले. परंतु या पेठेतल्या एका दुकानाच्या माडीवर गेले वर्षभर दर शनिवारी विमानाची जी चर्चा चालते ती निराळी आहे. ती आहे स्वतःच्या विमानाची. त्या चर्चेत आम्ही तिघे साहित्याचे अध्यापक कसे ओढले गेलो आणि अखेरीस कोणत्या मतावर आलो, ते येथे मांडायचे आहे.

दुकान यंत्रमागाच्या सुट्या भागांचे आहे. मालक आमचे जुने स्नेही; वय अठ्ठावन्न. वडील गिरणीत जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग चालता करणे हेच त्यांचे आयुष्य. चिरंजिवांनी धोटे, फण्या आणि दातेरी चाके विकता विकता उतारवयात खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला. त्यासाठी किमान चाळीस तासांचे उड्डाण लागते आणि वैद्यकीय तपासणीही. आता एक भूखंड विकून आलेली रक्कम हाती आहे. ती म्हातारपणासाठी ठेवावी, असे घरच्यांचे म्हणणे आहे, आणि ते अवाजवी नाही. स्नेह्यांपुढे तीन वाटा आहेत. कारखान्यात तयार झालेले, प्रमाणित असे जुने दोन आसनी विमान घ्यावे. कोणा हौशी माणसाने घरी बनवलेले तयार विमान घ्यावे. किंवा परदेशातून सुट्या भागांचा संच, म्हणजे ‘किट’, मागवून गोदामात आपणच विमान जुळवावे.

“सर, इंजिनिअर लोक मला किंमत सांगतात, वजन सांगतात. यातलं काय करावं, आणि कशासाठी, ते तुम्ही सांगा,” असे ते एकदा म्हणाले. आरंभी आम्हांस हा विनोद वाटला. काव्यशास्त्र शिकवणाऱ्यांना विमानाचा सल्ला विचारणे म्हणजे वैद्याकडे पंचांग मागणे. पण जसजशी माहिती गोळा होत गेली तसतसे ध्यानात आले, की हा प्रश्न आमच्या विषयापासून फारसा दूर नाही.

प्रमाणित विमान हे छापील ग्रंथासारखे असते. एकाच प्रकारची हजारो विमाने एकाच आराखड्यावरून निघतात. इंधनाची कळ, मापदर्शक, दरवाजाची कडी जिथे एका प्रतीत तिथेच दुसऱ्या प्रतीत. एका प्रतीवर शिकलेला माणूस दुसरी प्रत सहज वाचू शकतो. याच्या मोबदल्यात मालकाचा अधिकार मर्यादित राहतो. दुरुस्ती परवानाधारक अभियंत्याने करायची, सुटे भाग मान्यताप्राप्तच वापरायचे, आणि मालकाने बहुतांशी धनी व वाचक एवढ्याच नात्याने राहायचे. यात कमीपणा काहीच नाही. जगातले बहुतेक वाचन छापील ग्रंथांचेच होते.

घरी बनवलेले विमान ही हस्तलिखित पोथी होय. आराखडा एकच असला तरी प्रत्येक लेखनिकाचा हात वेगळा. एकाने मूळ नकाशा शब्दशः उतरवला, दुसऱ्याने एक कळ इकडची तिकडे नेली, तिसऱ्याने समासात आपली सुधारणा घुसडली. पोथ्यांच्या अभ्यासकांना हे पाठभेद परिचयाचे आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच साचत गेलेल्या पाठभेदांना कंटाळून. पोथीतला चुकीचा पाठ अर्थाचा घात करतो. विमानातला पाठभेद माणसाचा.

हे अलंकारिक बोलणे नाही. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत समुद्रात विमान कोसळून मरण पावले. विमान ‘लाँग-ईझी’ जातीचे, दुसऱ्या एका हौशी कारागिराने बनवलेले आणि डेन्व्हर यांनी नुकतेच विकत घेतलेले होते. बर्ट रुटान यांच्या मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याची कळ वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होती. या प्रतीत ती बनवणाऱ्याने वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेऊन ठेवली होती, आणि तिच्यावर खुणाही नव्हत्या. हवेत असताना ती फिरवायची तर मागे वळावे लागे. वळताना पाय पट्टीवर दाबला गेला आणि विमानावरचा ताबा सुटला, असा तपास यंत्रणेचा निष्कर्ष आहे. निघण्यापूर्वी पुरेसे इंधन न भरणे आणि या विशिष्ट विमानाची पुरेशी तालीम न घेणे, याही गोष्टी तपासात नोंदवल्या गेल्या. डेन्व्हर अनुभवी वैमानिक होते. उडवण्याची विद्या त्यांना होती. हाती आलेल्या पोथीचा लेखनिक काय लिहून गेला आहे, याचे वाचन पुरे झालेले नव्हते.

तेव्हा आमचा पहिला निर्णय दुसऱ्या वाटेविषयी झाला. दुसऱ्याने घरी जुळवलेले विमान स्वस्त मिळते, तयार मिळते, म्हणून ते घेऊ नये. घ्यायचेच असेल तर ते उलगडून, कळ न् कळ मूळ नकाशाशी ताडून, बनवणाऱ्याची नोंदवही वाचून घ्यावे. आणि इतके करण्याची तयारी असलेल्या माणसाने स्वतःच जुळवलेले काय वाईट?

आता उरल्या दोन वाटा. यांत निवड करताना लोक प्रथम हिशेब मांडतात. तो आम्हीही मांडला. दोन आसनी धातूच्या विमानाचा संच, इंजिन, उपकरणे, वाहतूक आणि जकात धरून खर्च कोटीच्या घरात जातो. सोप्यात सोप्या संचाला सात-आठशे तासांचे काम लागते, मोठ्याला दोन हजार तासांपर्यंत. रोज दोन तास धरले तर एक ते तीन वर्षे. अर्धवट राहून विकायला निघालेले संच जगभर मिळतात, हेही आम्ही विसरलो नाही. संच विकणारी कंपनी म्हणजे वज्रलेप नव्हे, हेही अलीकडे दिसले. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील व्हॅन्स एअरक्राफ्ट ही या धंद्यातली सर्वांत नामांकित कंपनी. तिच्या संचांवरून तयार झालेली अकरा हजारांवर विमाने उडाली आहेत. लेझरने कापलेल्या काही भागांच्या छिद्रांना तडे जाऊ लागले, बदली भागांचा आणि इतर खर्चाचा बोजा वाढला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये या कंपनीला दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण मागावे लागले. २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली, पण आधी मागणी नोंदवलेल्या ग्राहकांना वाढीव किंमत स्वीकारावी लागली. केवळ पैशाच्या तागडीत तोलले तर जुळवण्याची वाट हलकीच ठरते.

परंतु ज्या देशात ही हौस सर्वाधिक फोफावली त्या अमेरिकेचा नियम वाचताना आम्ही थबकलो. तेथे घरी बनवलेल्या विमानास मान्यता हवी असेल, तर त्याच्या घडणीचा मोठा भाग हौशी माणसांनी केलेला असला पाहिजे. आणि तो केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी वा विरंगुळ्यासाठी केलेला असला पाहिजे. व्यवहारात याला एक्कावन्न टक्क्यांचा नियम म्हणतात. संच विकणारी कंपनी कितीही तत्पर असली तरी निम्म्याहून अधिक काम ती करून देऊ शकत नाही. म्हणजे येथे अपुरेपण हा मालाचा दोष नसून कायद्याने घातलेली अट आहे, आणि त्या अटीचे कारण म्हणून ‘शिक्षण’ हा शब्द योजलेला आहे. आम्हां मास्तरांना यापुढे तटस्थ राहणे कठीण झाले. याच व्यवस्थेत विमानाच्या वार्षिक तपासणीचे प्रमाणपत्र मूळ जुळवणाऱ्याला मिळू शकते. त्याच्याकडून ते विमान घेणाऱ्याला केवळ मालकीच्या बळावर मिळत नाही. मालकी हस्तांतरित होते, जाणकारी होत नाही, हे त्या कायद्याने ओळखले आहे.

जुळवणे म्हणजे निर्मिती नव्हे, अशी शंका आमच्यापैकी एकाने घेतली. भाग दुसऱ्याचे, नकाशा दुसऱ्याचा, छिद्रेसुद्धा आधीच पाडलेली. मग यात आपले ते काय? या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी सोलापूरबाहेर जावे लागत नाही. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली याच गावात झाला, आणि त्यांच्या नावाच्या शिक्षणसंस्थांत आमचे कित्येक विद्यार्थी शिकले. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत त्यांनी अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांच्या साहाय्याने आणि म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. तेथे प्रथम तयार झालेले विमान, १९४१ चे हार्लो प्रशिक्षण विमान, आपल्या आराखड्याचे नव्हते. अमेरिकेहून आलेल्या सुट्या भागांची ती जुळणी होती. पुढच्या वर्षीचे हॉक लढाऊ विमानही त्याच जातीचे. त्या वेळी कोणी नाक मुरडून म्हणाले असते, की हे तर परक्याचे खेळणे जोडणे झाले, तर ते शब्दशः खरे ठरले असते.

पण त्याच कारखान्यात विष्णू माधव घाटगे हे मराठी अभियंते होते. गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली संशोधन करून ते परतले होते. परक्या विमानांची जुळणी चालू असलेल्या त्या शेडमध्ये त्यांनी ग्लायडरचा स्वतंत्र आराखडा केला, आणि पुढे त्यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले. भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांनी ते पुढे दीर्घकाळ शिकण्यासाठी वापरले. वालचंदांचा हिस्सा तर सरकारने १९४२ मध्येच विकत घेतला होता. फळ त्यांच्या पदरात पडले नाही. जुळणीतून आराखडा आपोआप उगवतो असा आमचा दावा नाही; घाटग्यांची विद्या गटिंगेनची होती. पण रिव्हेट ठोकणारे हात, पत्रा वाकवणारे हात, चूक ओळखणारे डोळे त्या जुळणीने तयार केले, आणि त्यांच्याविना तो आराखडा कागदावरच राहिला असता. भाषांतर करता करता भाषा कमावणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्याचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

याच्या पुढची पायरी म्हणजे संचही न घेता सारे स्वतः घडवणे. कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले, हे सर्वश्रुत आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोंदणी व्हायला २०१७ उजाडले, उड्डाणाचा परवाना मिळायला २०१९, आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले २०२० मध्ये. गच्चीवरचे काम पुरे झाल्यानंतरची ही चार वर्षे आम्ही स्नेह्यांपुढे मुद्दाम मांडली. भारतात हौशी विमान बांधणे हा अर्धा उद्योग धातूचा आणि अर्धा कागदाचा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी पत्रव्यवहार पहिला रिव्हेट ठोकण्यापूर्वी सुरू करावा, शेवटचा ठोकल्यानंतर नव्हे.

कागदाचा विषय निघालाच आहे तर शिवकर बापूजी तळपदे यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १८९५ साली त्यांनी चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आपल्याकडे श्रद्धेने सांगितली जाते. २०१५ मध्ये तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा मात्र नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा या कथेशी संबंध जोडला जातो, त्याची चिकित्सा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. संहितेची भाषा आणि तिचा प्रवास तपासून ती विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीची नाही, आणि तिच्यात वर्णिलेली विमाने उडू शकत नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. विमानविद्येच्या प्राध्यापकांनी केलेली ही संहिता-चिकित्सा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावी. तळपद्यांच्या धडपडीविषयी आम्हांस अनादर नाही. पण त्यांच्या मागे आराखडा, मोजमापे, फसलेल्या प्रयत्नांची टिपणे उरली असती तर आज अभिमान आणि संशय यांच्या मधोमध त्यांना लटकावे लागले नसते. आजच्या हौशी जुळवणाऱ्याला प्रत्येक दिवसाचे काम तारीखवार लिहून, छायाचित्रांसह जपावे लागते, कारण काम आपणच केले हे सिद्ध करण्याचा तोच मार्ग आहे. ही वही विमानाइतकीच मोलाची आहे.

यावर आमच्यातल्या संस्कृतच्या अध्यापकांनी एक हरकत काढली, आणि ती सोलापूरच्या मातीला धरून होती. पंचतंत्रातला कौलिक, म्हणजे विणकर, राजकन्येवर भाळतो. त्याचा मित्र रथकार त्याला खुंटी फिरवली की उडणारा लाकडी गरुड करून देतो, आणि विणकर विष्णू बनून राजवाड्यात उतरतो. करणारा एक, उडवणारा दुसरा. कथेचे काही अडते का? जगात श्रमविभाग आहेच. हरकत रास्त आहे. आम्ही रोज आगगाडीने जातो ते इंजिन उलगडून पाहिल्यावर नव्हे. पण कथा पुढेही जाते. जावई प्रत्यक्ष विष्णू म्हणून सासरा शेजाऱ्यांना डिवचतो, युद्ध अंगावर येते, आणि खुंटीपलीकडे काहीही ठाऊक नसलेल्या विणकराला रणात उतरावे लागते. तो वाचतो, कारण आपल्या नावाची नाचक्की होऊ नये म्हणून खुद्द विष्णू त्याच्या देहात शिरतो. नवी पेठेतल्या गिऱ्हाइकासाठी अशी सोय कोणी करील, याची हमी नाही.

सारांश, आमचे मत असे झाले. ज्याला केवळ उडायचे आहे त्याने ना घ्यावे, ना जुळवावे. उड्डाण संस्थेचे विमान तासावर घ्यावे, आणि उरलेला पैसा घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे ठेवावा. वर्षाला तीस-चाळीस तास उडणाऱ्या माणसाला स्वतःचे विमान बाळगणे परवडत नाही, मग ते कोणत्याही वाटेने आलेले असो. ज्याला वरचेवर आणि दूर जायचे आहे, त्याने प्रमाणित विमान दोघातिघांच्या भागीत घ्यावे. आणि ज्याला विमान कळून घ्यायचे आहे, ज्याला उडण्याइतकाच रस ते कशामुळे उडते यात आहे, त्याने संच मागवावा. त्याच्या बाबतीत ती दोन वर्षे खर्चाच्या खात्यावर मांडू नयेत; त्याने विकत घेतले ते मुख्यतः तेच.

आमचे स्नेही यांतले तिसरे आहेत, हे ओळखायला आम्हांस वर्ष का लागले, याचाही विचार आम्ही केला. कारण बहुधा आमच्याच धंद्यात आहे. आम्ही कादंबरी नेमतो आणि विद्यार्थी गाईड विकत घेतो. आम्हीही टीकाशास्त्राच्या तयार चौकटी बाहेरून आणतो आणि त्या उलगडून न पाहता वर्गात उडवतो. इंधनाची कळ कुठे आहे हे विचारणारा विद्यार्थी भेटला, की त्याला आम्ही अभ्यासक्रमाबाहेरचा ठरवतो. जॉबरच्या मुलाने आमच्यापुढे तोच प्रश्न ठेवला होता, आणि आम्ही त्याला किंमत विचारत बसलो.

घरच्यांचे म्हणणे मात्र आम्ही बाजूला सारलेले नाही. संच टप्प्याटप्प्याने मिळतो. प्रथम शेपटीचा भाग, मग पंख, मग धड, आणि सर्वांत महाग ते इंजिन शेवटी. म्हणून सल्ला असा दिला, की आज फक्त सरावाचे लहान काम आणि शेपूट मागवावी. सहा महिन्यांत ती मनासारखी जमली, हात आणि डोळे साथ देतात असे दिसले, महासंचालनालयाकडून लेखी उत्तर आले, तरच पंखांचे पैसे भरावे. नाही जमले तर हानी सोसण्याजोगी राहील, आणि भूखंडाच्या रकमेतला मोठा भाग म्हातारपणासाठी शाबूत असेल. वहिनींनी हे ऐकून घेतले. होकार दिलेला नाही. पण दुकानामागच्या गोदामातली जुन्या मागांची अडगळ या महिन्यात काढायची, याला त्यांची हरकत नाही.

गेल्या शनिवारी आम्ही चौघांनी मिळून त्या गोदामाचे दार मोजले. शेपूट सहज बाहेर येईल. पंख तिरका करावा लागेल. धडासाठी चौकट काढावी लागेल, असे दिसते.